फॉरमॅट मारणे म्हणजे दुरुस्ती नव्हे

आमच्या सोलापूरच्या घरात २००८ सालचा एक संगणक आहे. अब्बांनी तो पतसंस्थेचे कर्ज काढून घेतला होता. निवृत्तीनंतर घराच्या ओसरीत ते टायपिंगचे काम करत. लोकांचे अर्ज, लग्नपत्रिका, शाळेच्या प्रश्नपत्रिका, बचत गटांचे हिशेब असे काय काय त्या यंत्रावर टाइप झाले. रात्री ग्राहक गेले की ते स्वतःचे लेख टाइप करत बसत. त्यातले काही स्थानिक अंकांत छापून आले, बरेचसे तसेच राहिले. अब्बा गेले त्याला आता दोन वर्षे होतील. पहिल्या बरसीनंतर आम्ही भावंडांनी ठरवले की त्यांच्या लेखांचे एक छोटे पुस्तक काढायचे. गेल्या एप्रिलमध्ये कामाला बसलो आणि त्याच आठवड्यात संगणकाचा पडदा बिघडला.

सकाळी पहिल्यांदा सुरू केला की पडदा काळा राही. आतून एक लांब आणि दोन छोटे बीप येत. दोन-तीनदा बंद-चालू केले की चित्र येई. मग पंधरा मिनिटे सगळे सुरळीत चाले. त्यानंतर पडद्यावर हिरवे-जांभळे ठिपके दिसू लागत, त्यांच्या उभ्या रेषा होत आणि शेवटी ‘नो सिग्नल’ अशी पाटी येऊन सगळे थांबे.

मी दोन दुकानांत गेलो. पहिल्या दुकानातल्या मुलाने यंत्र चालू करून अर्धा मिनिट पाहिले आणि म्हणाला, “सर, फॉरमॅट मारावा लागेल. विंडोज करप्ट झालंय.” दुसऱ्या दुकानाच्या मालकाने तर केबिनेटचे झाकणही उघडले नाही. “मदरबोर्ड गेलाय. याचे पार्ट आता येत नाहीत. नवीन घेऊन टाका, हा हजार रुपयांत आम्ही एक्स्चेंजमध्ये घेतो.”

ही दोन्ही निदाने चुकीची होती. पहिले मी मान्य केले असते, तर अब्बांचे पंधरा वर्षांचे लिखाण अर्ध्या तासात पुसले गेले असते. दुसरे मान्य केले असते, तर तीस-पस्तीस हजार रुपये खर्चून मी एक नवे यंत्र आणले असते आणि त्यावर अब्बांच्या लेखातले एक अक्षरही वाचता आले नसते. हा लेख त्या दोन दुकानांविरुद्ध नाही. तपासणी न करता ‘नवीन घ्या’ म्हणण्याची जी रीत आपण निमूट मान्य केली आहे, तिच्याविरुद्ध आहे.

जुन्या यंत्रात काय असते?

‘डेटा काढून देतो की’ असे दुकानदार म्हणतो, तेव्हा तो फायलींबद्दल बोलत असतो. मराठी लिखाणाच्या बाबतीत नुसती फाइल पुरत नाही.

युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून जागा आहे, पण आपल्याकडच्या छपाईच्या धंद्यात तो यायला पुढची वीस वर्षे गेली. तोपर्यंत डीटीपीवाले जे मराठी फाँट वापरत, त्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. काना एका कळीवर, रफार दुसऱ्या, अर्धा ‘श’ तिसऱ्या. संगणकाच्या लेखी ते इंग्रजीच असे, मराठी फक्त डोळ्यांना दिसे. असा मजकूर फाँट नसलेल्या यंत्रावर उघडला की कंस, टक्के आणि उद्गारचिन्हांचा ढीग दिसतो. प्रत्येक कंपनीचा आराखडा वेगळा, त्यामुळे एकाचा मजकूर दुसऱ्याच्या फाँटमध्ये वाचता येत नाही.

अब्बांची पाने पेजमेकरमध्ये लावलेली होती. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ सालची. मराठी टायपिंगचे सॉफ्टवेअर चालायला मागच्या बाजूला प्रिंटरच्या जुन्या रुंद पोर्टात एक कुलूप लावावे लागे. त्याला डाँगल म्हणत. आजच्या संगणकाला ते पोर्टच नसते. मूळ सीडी केव्हाच चरे पडून निकामी झाली होती. म्हणजे फायली, फाँट, पेजमेकर, कुलूप आणि त्यांना चालवणारे जुने विंडोज ही पाचही माणसे एकाच घरात राहत होती. घर पाडले तर कोणीच उरणार नव्हते.

तशात आमच्या अब्बांची सवय अशी की सगळे डेस्कटॉपवर किंवा ‘माय डॉक्युमेंट्स’मध्ये ठेवायचे. दोन्ही सी ड्राइव्हवरच असतात. ‘फॉरमॅट मारतो’ म्हणणाऱ्या मुलाने मला एकदाही विचारले नाही की सी ड्राइव्हवर काय आहे.

ही एका घराची गोष्ट वाटेल, पण तशी ती नाही. १९९० ते २०१० या काळातले महाराष्ट्रातले किती दिवाळी अंक, संस्थांचे अहवाल, स्मरणिका, तालुक्यांची साप्ताहिके, मोहल्ल्यांच्या ग्रंथालयांच्या याद्या अशाच यंत्रांत पडून असतील! त्या काळात नियतकालिक चालवलेल्या कोणालाही विचारा. ‘ते जुन्या कॉम्प्युटरमध्ये होतं, तो भंगारात दिला’ हे उत्तर ठरलेले आहे. आपण आपल्या समाजाचा इतिहास कोणी लिहिला नाही म्हणून तक्रार करतो. लिहिला होता, टाइपही केला होता. मग कोणीतरी सांगितले की मदरबोर्ड गेलाय.

निदान कसे करतात?

मी इंजिनिअर नाही. पण आजारी माणसाला डॉक्टर जसे एकेक प्रश्न विचारत जातो, तसे यंत्रालाही विचारता येते. त्यासाठी लागते ते एवढेच की उत्तर आधी ठरवून ठेवायचे नाही.

पहिले काम केले ते हार्ड डिस्क काढून तिची पूर्ण प्रत घेण्याचे. यूएसबीला जोडणारे एक अडॅप्टर मित्राकडून आणले आणि दुसऱ्या लॅपटॉपवर सगळे उतरवून घेतले. बिघाड शोधण्याच्या नादात मूळ माल जाऊ नये, ही पहिली अट. कोणत्याही दुकानात यंत्र देण्याआधी ती पाळा.

दुसरा प्रश्न होता, दोष पडद्याचा की यंत्राचा? मॉनिटर आणि निळ्या टोकाची पंधरा पिनांची केबल शेजारच्या चालू संगणकाला लावली. तासभर चित्र स्वच्छ. म्हणजे मॉनिटर आणि केबल सुटले.

तिसरा प्रश्न, दोष विंडोजचा की त्याखालच्या लोखंडाचा? याचे उत्तर मिळवायला एक पैसा लागत नाही. रेषा आल्यावर यंत्र तसेच गरम असताना पुन्हा सुरू केले आणि विंडोज यायच्या आधीचा काळा पडदा पाहिला, ज्यावर कंपनीचे नाव आणि रॅमचा आकडा येतो. रेषा तिथेही होत्या. विंडोज त्या वेळी हार्ड डिस्कवर झोपलेले असते. ड्रायव्हरही सुरू झालेला नसतो. मग दोष त्यांचा कसा? रेषा फक्त विंडोज आल्यावरच दिसल्या असत्या आणि सेफ मोडमध्ये गेल्यावर नाहीशा झाल्या असत्या, तर ड्रायव्हरवर संशय घेणे योग्य ठरले असते. त्या मुलाने हे दोन मिनिटांत पाहिले असते, तर ‘फॉरमॅट’ हा शब्द त्याच्या तोंडून निघालाच नसता.

चौथा प्रश्न बीपचा. एक लांब, दोन छोटे, हे काही यंत्राचे रडणे नव्हे. सुरू होताना बायोस प्रत्येक भागाची हजेरी घेतो आणि पडद्यावर काही दाखवता येत नसेल तर आवाजाने सांगतो. आमच्या यंत्रातला बायोस अवॉर्डचा आहे. त्याच्या भाषेत एक लांब आणि दोन छोटे म्हणजे डिस्प्ले कार्डाची अडचण. यंत्र स्वतः ओरडून सांगत होते की दुखते कुठे, आणि दुकानात ते ऐकायला कोणी नव्हते.

पाचवा प्रश्न विजेचा. कार्डाला वीज कमी पडली तरी अशी लक्षणे दिसतात. जुन्या एसएमपीएसवर छापलेल्या वॅटच्या आकड्यावर विश्वास ठेवू नये. मल्टिमीटर लावून पिवळ्या तारेवर बारा व्होल्ट मिळतात का ते पाहावे. पाच टक्के कमी-जास्त चालते, म्हणजे ११.४ ते १२.६. आमच्याकडे यंत्र चालू असताना ११.९ भरले. एसएमपीएस सुटला. मापायचे ते बाहेरच्या तारांवर. एसएमपीएसचे झाकण घरी उघडू नये. बंद केल्यावरही त्यात जीवघेणा दाब साठून राहतो.

सहावी आणि निर्णायक तपासणी म्हणजे अदलाबदल. मित्राच्या अडगळीतल्या संगणकातून तशाच जातीचे एक कार्ड मागून आणले. यंत्राची वायर काढली, पॉवरचे बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ दिली, अंगातली स्थिर वीज उतरावी म्हणून केबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावला आणि कार्ड बदलले. यंत्र पहिल्या झटक्यात सुरू झाले. सहा तास चालले. एक ठिपका नाही.

म्हणजे मदरबोर्ड शाबूत. प्रोसेसर, रॅम, हार्ड डिस्क, विंडोज सगळे शाबूत. दोषी फक्त एक, ते हातभर लांबीचेही नसलेले ग्राफिक्स कार्ड. हजार रुपयांत भंगार म्हणून निघालेल्या यंत्राचा नव्वद टक्के भाग निरोगी होता.

दम फुललेले कार्ड

मित्राचे कार्ड परत द्यायचे होते, म्हणून आमचे कार्ड घेऊन मी बाजारातल्या एका रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्या चाचांकडे गेलो. सत्तरीच्या पुढचे गृहस्थ. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. त्यांनी चष्मा वर केला, भिंग लावले, बोटाने कार्डावरचा पंखा फिरवून पाहिला. तो फिरेना. मग पंख्याच्या कडेचे दोन कॅपॅसिटर दाखवले. त्यांचा सपाट असायला हवा तो माथा फुगून वर आला होता. म्हणाले, “बेटा, मरा नहीं है ये. दम फूल रहा है इसका.”

मग त्यांनी मला सगळी साखळी उलगडून सांगितली. पंख्यात धूळ बसली आणि तेल सुकले, म्हणून पंखा थांबला. चिप आणि तिच्यावरचा ॲल्युमिनियमचा तुकडा यांच्यातली पेस्ट वाळून खडू झाली, म्हणून उष्णता बाहेर पडेना. सोलापूरचा एप्रिल, वर पत्रा. कार्ड तापले की पंधरा मिनिटांत रेषा. त्या तापाने शेजारचे कॅपॅसिटर वर्षानुवर्षे भाजत राहिले. या जातीच्या कॅपॅसिटरच्या पोटात एक द्रव असतो. तापमान दहा अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते, हा त्या धंद्यातला जुना ठोकताळा. द्रव आटला की कॅपॅसिटर विजेचा प्रवाह नीट सावरू शकत नाही, आणि थंड असताना तर मुळीच नाही. म्हणून सकाळी पडदा काळा. दोन वेगळी दुखणी वाटत होती, मूळ एकच. थांबलेला पंखा.

त्यांनी पंख्यामागचा स्टिकर सोलून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडला. वाळलेली पेस्ट स्पिरिटने पुसून नवी लावली. स्लॉटमध्ये बसणारी कार्डाची सोनेरी कड खोडरबरने घासली. जुने दोन कॅपॅसिटर काढायच्या आधी त्यांची पट्टी कोणत्या बाजूला आहे ते कागदावर काढून ठेवले. ती पट्टी ऋण बाजू दाखवते, उलटे बसले तर फुटते. मग तितक्याच मायक्रोफॅरडचे, तितक्याच व्होल्टचे, १०५ अंशांचे नवे कॅपॅसिटर डाग देऊन बसवले. दोन कॅपॅसिटरचे वीस रुपये, मजुरी दोनशे. पेस्टचे पैसे घेतले नाहीत.

तेव्हापासून आज वर्षभर यंत्र चालू आहे.

दोष कोणाचा?

दुकानदारांची बाजूही सांगितली पाहिजे. दोन तास खपून दोनशे रुपये मागितले, तर गिऱ्हाईक म्हणते, ‘एवढ्याशा कामाचे दोनशे?’ तेच गिऱ्हाईक नव्या यंत्रावर दुकानदाराला हजार-दोन हजार सुटले तरी हसत पैसे मोजते. फॉरमॅटचे दर ठरलेले, वेळ ठरलेला, डोके लागत नाही. दुकानातल्या पोरांना कोर्समध्ये विंडोज टाकायला शिकवतात, बीप ऐकायला शिकवत नाहीत. निदानाची किंमत द्यायला आपण तयार नाही, म्हणून आपल्याला निदान मिळत नाही. दोष मोजायचा तर त्यातला एक हिस्सा आपल्या खात्यावर पडतो.

पण मोठा हिस्सा वरचा आहे. कार्डाचा नकाशा कंपनी देत नाही, सुटे भाग विकत नाही, आणि जुन्या यंत्रासाठी ड्रायव्हर ठेवलेली पाने काही वर्षांनी काढून टाकते. यंत्र बिघडलेले नसतानाही ते ‘जुने’ ठरवण्याची सोय आता झाली आहे. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची व्यवस्था आणि ठरावीक पिढीपुढचा प्रोसेसर लागतो. ज्यांच्याकडे तो नाही, त्यांचे धडधाकट यंत्रही एका तारखेला म्हातारे झाले. मुदतवाढीची सोय दिली गेली, पण तीही मोजक्या काळाची. कॅनालिस या बाजार अभ्यासणाऱ्या संस्थेने २०२३ च्या अखेरीस अंदाज दिला होता की या एका निर्णयामुळे सुमारे २४ कोटी संगणक कचऱ्यात जाऊ शकतात.

हा कचरा कुठे जातो? संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०२४ मध्ये दिलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६.२ कोटी टन ई-कचरा तयार झाला. त्यातला रीतसर गोळा होऊन पुनर्वापरासाठी गेल्याची नोंद फक्त २२.३ टक्के. आपल्याकडे उरलेला माल दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांत पोचतो. तिथे तांबे काढायला वायरी जाळतात, सर्किट ॲसिडात बुडवतात. हे काम करणारे कोण असतात, ते या ब्लॉगच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. ‘एक्स्चेंज’ हा शब्द फार सोज्वळ आहे. हजार रुपयांत दिलेले माझे यंत्र कोणाच्या तरी पोराच्या फुफ्फुसात गेले असते.

आणि नवे यंत्र आकाशातून पडत नाही. संयुक्त राष्ट्र विद्यापीठाच्या २००४ च्या अभ्यासाने दाखवले होते की मॉनिटरसह एक डेस्कटॉप संगणक बनवायला किमान २४० किलो जीवाश्म इंधन, २२ किलो रसायने आणि दीड टन पाणी लागते. सोलापुरात नळाला किती दिवसांआड पाणी येते हे आम्हाला माहीत आहे. दीड टन पाणी वाचवायला वीस रुपयांचे दोन कॅपॅसिटर पुरत असतील, तर ते न लावणे ही नुसती उधळपट्टी नाही, ती बेफिकिरी आहे.

आक्षेपांची उत्तरे

मला काही मित्रांनी विचारले, ‘जुन्याला किती दिवस कवटाळून बसणार?’ प्रश्न रास्त आहे. आमच्या यंत्रावर विंडोज एक्सपी आहे. त्याचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला. असे यंत्र इंटरनेटला जोडणे म्हणजे दार उघडे टाकून झोपणे. आम्ही त्याची नेटची तार काढून टाकली आहे. त्यावर बँकेचे काम करायचे नाही, अनोळखी पेन ड्राइव्ह लावायचा नाही. ते फक्त अब्बांच्या लिखाणासाठी आहे. ज्याचे यंत्र विंडोज १० चे आहे आणि फक्त पत्रे लिहायची, मुलांना अभ्यास करायचा एवढीच गरज आहे, त्याने नवे घेण्याआधी त्यावर लिनक्स टाकून पाहावे. ते फुकट मिळते.

दुसरा आक्षेप असा की प्रत्येक वस्तू दुरुस्त होत नाही. बरोबर. चिपच मेली असेल तर चाचाही काही करू शकत नाहीत. चिपच्या पोटातले बारीक सांधे तडकण्याचा दोष खुद्द मोठ्या कंपन्यांनी कबूल केलेला आहे. जुलै २००८ मध्ये एनव्हिडियाने लॅपटॉपमधल्या काही चिपच्या दोषापोटी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढत असल्याचे जाहीर केले होते. अशी कार्डे भट्टीत भाजून जिवंत करण्याचे व्हिडिओ अजून फिरतात. भाजल्याने सांधा काही दिवस चिकटतो आणि पुन्हा सुटतो. शिवाय त्याचा धूर घरातल्यांच्या नाकात जातो. ही दुरुस्ती नाही, तमाशा आहे. माझा आग्रह प्रत्येक यंत्र वाचवण्याचा नाही. मेले म्हणण्याआधी नाडी तपासा, एवढाच आहे. माझ्या जागी दुसरे जुने कार्ड चार-पाचशे रुपयांत बसवले असते तरी काम भागले असते. तो साधा पर्यायही दुकानात कोणी सुचवला नाही.

तिसरा आक्षेप, ‘अशाने अर्थव्यवस्था कशी चालेल?’ दुरुस्ती हीसुद्धा अर्थव्यवस्थाच आहे. फरक एवढा की तिचा पैसा गावात राहतो आणि हाताला कसब लागते. सच्चर समितीने २००६ मध्ये नोंदवले होते की मुस्लिम कामगारांत स्वतःचा छोटा धंदा करणाऱ्यांचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे. गॅरेज, रेडिओ, घड्याळ, पंखे, मिक्सर, मोबाइल अशी कितीतरी दुरुस्तीची दुकाने त्यात येतात. या माणसांना आपण ‘अशिक्षित मेकॅनिक’ म्हणतो. पण दोन दुकानांत, संगणकाच्या डिग्रीच्या फ्रेमखाली, मला चुकीचे उत्तर मिळाले आणि जिन्याखाली बरोबर मिळाले. चाचांकडे आता एकही शागीर्द नाही. त्यांचा मुलगा फायनान्सवर नवे टीव्ही विकणाऱ्या शोरूममध्ये नोकरीला आहे. त्यांच्यानंतर ते भिंग कोण लावणार?

मागणी काय आहे?

फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉप, मोबाइल, टीव्ही अशा काही वस्तूंवर दहापैकी गुण छापणे सक्तीचे करण्यात आले. वस्तू उघडायला किती सोपी, सुटे भाग मिळतात का, माहितीपत्रक देतात का, यावरून ते ठरत. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले. सुरुवात चांगली आहे, पण पोर्टलवर कंपनी स्वखुशीने टाकेल तेवढी माहिती मिळून भागत नाही. कायद्याने सक्ती हवी. वस्तू विकणे थांबल्यावरही ठरावीक वर्षे सुटे भाग आणि ड्रायव्हर मिळाले पाहिजेत, आणि नकाशा कंपनीच्या अधिकृत केंद्राबाहेरच्या कारागिरालाही पाहता आला पाहिजे.

सरकारकडून ते होईल तेव्हा होईल. आपल्या हातातल्या काही गोष्टी आहेत. दुकानात ‘काय बिघडलंय?’ यापुढे ‘ते तुम्ही कसं ओळखलं?’ असाही प्रश्न विचारा. कोणती तपासणी केली ते सांगता येत नसेल, तर यंत्र उचलून घरी आणा. तपासणीचे पैसे वेगळे द्या, काही दोष सापडला नाही तरी द्या. आणि घरात जुने यंत्र असेल, त्यावर कोणाचे लिखाण, कोणत्या संस्थेची नोंद, कोणत्या अंकाची पाने असतील, तर पडदा जायची वाट न पाहता आजच प्रत काढून ठेवा.

अब्बांचे लेख सध्या युनिकोडमध्ये आणतो आहोत. त्यासाठी रूपांतर करणारी साधने आहेत, पण ती रफार चुकवतात आणि जोडाक्षरे मोडतात. म्हणून एका बाजूला जुने यंत्र लावून, त्यावरचे मूळ पान पाहत, बहीण एकेक ओळ ताडून घेते. पस्तीस लेखांपैकी एकवीस झाले. उन्हाळा पुन्हा आला आहे, म्हणून केबिनेटचे झाकण उघडे ठेवून समोर टेबल फॅन लावला आहे. कार्डावरचा पंखा थोडी घरघर करतो. पुढच्या आठवड्यात त्यात पुन्हा तेलाचा एक थेंब सोडायला हवा.